चौदा नंबरची वायर

१

कुठल्याही छोट्या कंपनीत पहिल्यांदा पाऊल टाकलं की उकळी आधी कान टवकारायची. ही माणसं आपला सर्व्हर कुठे ठेवतील याचा नेम नसतो. जिन्याखाली, झाडू-फडक्यांच्या कपाटात, एकदा तर चक्क बंद पडलेल्या बाथरूममध्ये, कमोडवर फळी टाकून. पण पंख्याची घरघर लपत नाही. तिच्या मागोमाग गेलं की पेटी सापडते आणि पेटीवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलेलं ‘हात लावू नये’ सापडतं.

तिचं काम म्हणजे त्या पेटीतलं सगळं उचलून क्लाउडवर न्यायचं, जिथे दूर कुठेतरी हजारो मशीन्स रात्रंदिवस राखलेल्या असतात, आणि मग पेटी कायमची बंद करायची. लोकांच्या लेखी हा धंदा होता, तिच्या लेखी चळवळ. अकरा माणसांचं पोट एका घुरघुरणाऱ्या डब्याला बांधलेलं तिला बघवत नसे. मोठ्यांना मिळतं ते धाकट्यांना का मिळू नये, हे ती एवढ्या तावातावाने सांगायची, की गिऱ्हाईक ‘हो’ म्हणायचं ते निम्मं पटल्यामुळे आणि निम्मं सुटका म्हणून. घरात तिला उकळी म्हणत ते उगाच नव्हे.

हे नाव दादाने ठेवलं होतं. कंपनीही त्यानेच काढली, दोघांची. तो पेट्या बसवायचा, ती त्या काढा म्हणून भांडायची. “यंत्राला हात लावता आला पाहिजे,” तो म्हणे. “ढगाला कुठे हात लावणार?” दीड वर्षापूर्वी त्याला ताप भरला आणि आठव्या दिवशी तो गेला. त्याच्या आधल्याच आठवड्यात ती त्याला म्हणाली होती, “बस मग जन्मभर तुझ्या पेट्यांपाशी.” ते भांडण मिटवायचं राहून गेलं.

तेव्हापासून ती त्याच्याच पेट्या एकेक करून बंद करत होती. चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या या कारखान्यातली शेवटची.

कारखान्याच्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणत. सर्व्हर होता मागच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथखाली. उकळीने कापड उचललं. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर दादाचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. ‘मावशी’. ‘पॅकिंग’. ‘घासणी, खिडकीजवळचं’. ‘प्रिंटर (रुसतो)’. घरातल्या मिठाच्या बरणीवरही ‘मीठ’ लिहिणारा माणूस तो.

तिने वायरी मोजल्या. चौदा. चिठ्ठ्या मोजल्या. तेरा.

चौदाव्या वायरीला चिठ्ठी नव्हती. कधी लावून निघाल्याची खूणही नव्हती. राखाडी वायर भिंतीच्या कडेने जाऊन कपाटामागे दिसेनाशी होत होती, आणि तिच्या तोंडाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे पलीकडे काहीतरी चालू होतं.

२

अशा वायरीचं काय करायचं, हे त्या धंद्यात ठरलेलं असतं. दादा त्याला बोंब टेस्ट म्हणायचा. वायर कुणाची ते कळत नसेल तर विचारत बसायचं नाही, कारण कुणालाच माहीत नसतं. गुपचूप उपटायची आणि वाट बघायची. जो बोंब मारत येईल, वायर त्याची.

सोमवारी सकाळी उकळीने चौदा नंबर उपटला. हिरवा दिवा विझला.

“काही बंद पडलं का हो कुणाचं?” तिने दुपारी फिरून विचारलं.

“माझे गुडघे,” पॅकिंगवाले काका म्हणाले. “ते ढगात ठेवून मिळतील का?”

“आधी फायली नेते, मग गुडघे.”

“बघ हं. वारा आला नि उडून गेले तर?”

सोमवार गेला, मंगळवार गेला. कुणी ओरडलं नाही. एखादा जुना कॅमेरा असेल, हजेरीचं मशीन असेल, असं तिने मनाशी धरलं आणि ती मावशींचे कागद वर चढवत राहिली. कुणाचा डावा डोळा किती, उजवा किती. हजारो डोळ्यांचे नंबर एकेक करून क्लाउडवर जात होते.

बुधवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या लॅपटॉपवर तक्रार आली.

तक्रारीचं पान दादाने बनवलं होतं. गिऱ्हाइकाने नाव लिहायचं, जागा लिहायची, अडचण लिहायची. काम झालं की ‘झालं’ हे बटण दाबायचं. नाव रिकामं सोडलं तर ते पान तक्रार घेतच नसे, यावरून लोक वैतागत. या तक्रारीत नाव रिकामं होतं. जागाही. खाली लिहिलं होतं: ‘फोल्डर उघडत नाही. कृपया बघणे.’

कुठून आली त्या रकान्यात मावशींच्या सर्व्हरचा पत्ता होता आणि पुढे १४.

उकळी उठून मागच्या खोलीत गेली. वायरीचं टोक तिने सोमवारी ठेवलं तसंच टेबलावर पडलेलं होतं. तिने ते घेतलं, खाचेत बसवलं. हिरवा दिवा लागला.

परत येईपर्यंत पलीकडून ‘झालं’ दाबलेलं होतं.

३

“मावशी, या कपाटामागे काय आहे?”

“भिंत,” मावशी म्हणाल्या. “आणि माझं पडलेलं पेन. चार वर्षं झाली.”

दोघींनी मिळून कपाट ओढलं. पेन होतं. वायर मात्र थांबलेली नव्हती. ती कोपऱ्यापर्यंत जाऊन भिंतीतल्या बोटभर भोकात शिरली होती. भोक व्यवस्थित पाडलेलं, कडेने पांढरं सिमेंट, हाताने नीट सारवलेलं.

“पलीकडे कोण बसतं?”

“अगं, पलीकडे कोण बसणार? ही बाहेरची भिंत. आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत.”

उकळी खिडकीत गेली, कमरेपर्यंत बाहेर वाकली. मावशींनी मागून तिची ओढणी घट्ट धरली आणि “पडशील हं बाई, माझ्याकडे विमा नाही” म्हणत राहिल्या. बाहेर ऊन होतं. खाली सायकलींची रांग, एक माणूस टेम्पोतून खोकी उतरवत होता. भोकातून राखाडी वायर बाहेर आली होती, वीतभर. मग संपली होती. तिला टोपण नव्हतं, पलीकडे दुसरी वायर नव्हती. आतल्या चार रंगांच्या तारा सुटून वाऱ्यावर हलत होत्या.

ती आत आली. हिरवा दिवा लुकलुकत होता.

“तुझ्या भावाने टाकलेली ही वायर?” मावशींनी विचारलं. “मी त्याला भोक पाडताना नाही पाहिलं. पण पोरगा फार नीट काम करायचा. काम झालं की एकेक बोट घासून हात धुवायचा.”

“वायरी खोचतात त्या जुन्या स्विचचे दिवे अडकतात कधीकधी,” उकळी म्हणाली. “पावसाचं पाणी शिरलं असेल. आणि तक्रार... जुनीच कुठेतरी अडकून राहिलेली, आता सुटली असेल.”

सांगताना ते सगळं पटण्यासारखं होतं. एक गोष्ट तिला जिना उतरताना आठवली. ‘फोल्डर उघडत नाही. कृपया बघणे.’ हे वाक्य दादाचंच होतं. तक्रार कशी लिहावी याचा नमुना म्हणून त्याने ते पानावर फिकट अक्षरांत छापून ठेवलं होतं. कुणीतरी समोर दिसलं ते जसंच्या तसं उचललं होतं. लिहिता न येणारं मूल फळ्यावरचं उतरवतं तसं.

४

शुक्रवारी तिने वायर पुन्हा उपटली. खात्री करायची म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि तक्रारीच्या पानावर उत्तर टाकलं: ‘कोण बोलतंय? तुम्ही कुठे बसता?’

दहा चाळीसला आलं: ‘कुठे बसता. उघडत नाही.’

तिने लिहिलं: ‘दादा, तू आहेस का? मी उकळी.’

मग काही आलं नाही. दुपार गेली. काका टेप फाडत राहिले, घासणीची चक्रं पाण्याखाली सूं करत फिरत राहिली. साडेतीनला लॅपटॉप टिंग करून वाजला.

‘उकळी. तू आहेस का. दादा.’

ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. नंतर तोंड धुताना तिची बुद्धी ठिकाणावर आली. प्रत्येक शब्द तिनेच आधी लिहिलेला होता. पलीकडे जे काही होतं, त्याने तिचेच शब्द खालीवर करून तिच्यापुढे टाकले होते. शिकलेली मुलगी ती. अशी खेळणी तिने कॉलेजात स्वतः बनवली होती. हे तिला कळत होतं, आणि तरी ‘दादा’ हा शब्द पडद्यावर पलीकडून येऊन उभा होता, तेही तिला दिसत होतं.

निघताना तिने वायर परत लावली. शनिवार-रविवार ती घरीच होती. वरच्या मजल्यावर दादाची खोली होती तशी ठेवलेली होती. आई रोज तिथे जाऊन खिडकी उघडायची, संध्याकाळी लावायची.

“सारखं त्या लॅपटॉपमध्ये काय बघतेस?” आईने विचारलं.

“तक्रारी.”

“सुट्टीच्या दिवशी कोण तक्रार करतं?”

“कुणी नाही. तेच बघतेय.”

आई ओट्याशी उभी होती, तिच्याकडे पाठ करून. “तो पण असाच करायचा. जेवताना बघायचा. मी ओरडायचे.” थोड्या वेळाने म्हणाली, “उगीच ओरडायचे.”

वायर लावलेली असली की पलीकडून चकार शब्द येत नाही, हे उकळीला एव्हाना कळलं होतं. उपटली की येतो. म्हणून सोमवारी तिने सकाळी उपटली, दुपारी लावली, चार वाजता पुन्हा उपटली. मंगळवारी चारदा. काम संपत आलं होतं. कारखान्यातल्या अकराही जणांना तिने नव्या पानावर यायला शिकवलं, काकांना दोनदा. आणि मधल्या वेळात ती मागच्या खोलीत स्टुलावर बसून लिहायची. आईचं ब्लडप्रेशर. तिने एकटीने मिळवलेली नवी गिऱ्हाइकं. ‘तू बरोबर होतास, मी उगाच तोडून बोलले.’ हे वाक्य तिने दीड वर्ष मनात घोळवलं होतं. ते तिने टाइप करून पाठवलं.

उत्तर आलं: ‘उगाच. तू बरोबर. कृपया.’

तिला तेवढं पुरलं. माणसाला किती थोडं पुरतं.

५

गुरुवारी सकाळी तिने वायर उपटली आणि मावशींनी हाक मारली म्हणून ती बाहेर गेली. नवं मशीन उद्या येणार होतं, काचेवर थर चढवणारं. मागची खोली त्याच्यासाठी रिकामी हवी होती. दारातून ते आत येईल का म्हणून दोघींनी फीत लावून मोजलं, मग दाराची बिजागरी कुणी काढायची यावर काकांशी वाद झाला. दोन तास मोडले. परत येऊन तिने लॅपटॉप उघडला.

एकशे सदतीस तक्रारी.

‘कृपया बघणे.’ ‘बघणे.’ ‘कृपया. कृपया.’ ‘उकळी बघणे.’ ‘उघडत नाही उघडत नाही.’ पुढे पुढे शब्दही नव्हते. ‘कृ.’ ‘कृ.’ ‘कृ.’ दर अर्ध्या मिनिटाला एक.

तिने धावत जाऊन वायर खाचेत घातली. बोटं घसरली, दुसऱ्यांदा बसली. दिवा लागला. पडद्यावर एकशे सदतीस वेळा ‘झालं’ उमटत गेलं, सावकाश, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसं.

ती स्टुलावर बसून राहिली. बोंब टेस्टमध्ये येते ती बोंब, हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? आठवडाभर ती ज्याला गप्पा समजत होती, ती ओरड होती. आवाज ऐकायला मिळावा म्हणून ती कुणाचा तरी गळा दाबत होती आणि तो ओरडला की सुखावत होती.

तो दादा होता की नव्हता, याने त्यात काही फरक पडत नव्हता. आणि तोच फरक तिला सगळ्यात जास्त हवा होता.

“काय गं, चेहरा असा का?” मावशी दारात उभ्या होत्या.

“मावशी, हे उद्या बंद केलंच पाहिजे का?”

मावशींनी तिच्याकडे बघितलं. “आठवडाभर तूच माझं डोकं खाल्लंस ना, हा डबा म्हणजे गुलामी आहे म्हणून?”

“हो.”

“मग?” त्या आत आल्या, टेबलक्लॉथची घडी घालू लागल्या. घडी झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्याच्या हातच्या चिठ्ठ्या काढून घे बाई. सगळ्या. मशीन लावणारे कचऱ्यात टाकतील.”

६

शुक्रवारी उकळीने एकदाही वायर उपटली नाही. सर्व्हर बंद करायची एक रीतही असते, आणि ती तिला दादानेच शिकवली होती. ज्या मशीनवर माणसं बसलेली आहेत ते कधी खटकन बंद करायचं नाही. आधी सगळ्यांना निरोप द्यायचा, वेळ सांगायची आणि ती आपापली निघून जाईपर्यंत थांबायचं.

अकराही जण नव्या पानावर गेले होते. सर्व्हरवर एकच कुणीतरी उरलं होतं.

चार वाजता तिने निरोप लिहिला. ‘हे मशीन आज पाच वाजता कायमचं बंद होईल. आपलं काम आटोपून घ्यावं.’ एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बोटं कीबोर्डवरून उठेनात. तिने पुढे लिहिलं, ‘घाबरू नकोस. घरी सगळं तसंच आहे. तुझी खोली वरचीच.’

पाठवलं.

सव्वाचार. साडेचार. ‘जोडलेले: १.’ पंखा घरघरत होता. बाहेर काका कुणाला तरी सांगत होते की क्लाउड अगदी सोपं असतं, त्यांना पहिल्या दिवशीच जमलं. पावणेपाचला ती मनातल्या मनात म्हणू लागली, जाऊ नकोस. बारा मिनिटं उरली असताना म्हणू लागली, जा आता, सुटशील.

चार बावन्नला पडद्यावर ‘जोडलेले: ०’ आलं. चौदा नंबरचा दिवा आपोआप विझला, वायर खाचेत असताना.

तिने बटण दाबलं. पंखा हळू होत होत थांबला. किती वर्षांनी त्या खोलीत शांतता झाली होती आणि त्या शांततेत खोली एकदम मोठी वाटली. उकळी थोडा वेळ रडली, तेरा चिठ्ठ्या सोडवून पाकिटात घातल्या, आणि तिला दीड वर्षात पहिल्यांदा हलकं वाटलं. निरोप देता आला होता.

फोन वाजला. आई होती.

“अगं, तू घरी आलीस का?”

“नाही. निघतेच आहे. का?”

“नाही गं.” आई कुजबुजत होती. “वर खुर्ची सरकल्यासारखी वाटली. मघाशी, पाचच्या सुमारास. आता कुणीतरी चालतंय. खिडकी मी लावली नव्हती अजून, मांजर शिरलं असेल.”

“आई, तू बाहेर ये. शेजारी जाऊन बस. मी येते.”

“मांजर एवढं जड चालत नाही.” गॅसची कळ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, आणि तिचा आवाज उकळीने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता असा होता, तरुण, “हाक मारून बघू का?”

नाही म्हण, उकळीच्या डोक्यात कुणीतरी सांगत होतं. ज्या नावाने बोलावशील ते नाव घेऊन येतं ते. तूच दिलंस त्याला नाव. घरही तूच सांगितलंस. नाही म्हण.

“मार,” ती म्हणाली.

आईने फोन ओट्यावर ठेवला असावा. ठक असा आवाज झाला. मग दुरून हाक आली, दादाच्या नावाची, शेवटचं अक्षर लांबवत, तो शाळेत असताना जेवायला बोलवायची तशी.

वरून ओ आली की नाही, ते फोनवर कळलं नाही. पण आईची पावलं जिन्याकडे गेली, जिना चढली, आणि दार वाजलं.

बराच वेळ काही नाही. मग अगदी पुसट आईचं बोलणं.

“किती वाळलास रे.”

आणि थोड्या वेळाने, समजूत घालावी तसं:

“असं भिंतीकडे तोंड का केलंयस? इकडे बघ ना. अरे, बघ ना माझ्याकडे.”

उकळी मागच्या खोलीत उभी होती. बाहेर टेम्पो लागल्याचा आवाज आला, मावशी कुणाला तरी दार सावकाश काढायला सांगत होत्या. तिला ओरडायचं होतं, आई, खाली ये, त्याच्याकडे बघू नकोस. छातीत ओरड तयार होती. पण ओरडलं तर तो काही बोलला तरी ऐकू येणार नाही, म्हणून तिने फोन कानाशी घट्ट दाबला आणि श्वास रोखून धरला.